आधी सांधा बघा: दोन धातूंच्या नाण्यांतल्या टांकसाळी चुका कशा ओळखायच्या

दोन धातूंच्या नाण्यात चुकीला जागा फार. चकत्या दोन, त्या कापण्याची कामं वेगवेगळी, मग एक दुसरीत बसवायची आणि वरून ठसा मारायचा. यातली एखादी गोष्ट जरा जरी हुकली, तरी नाण्यावर तिची खूण राहते. म्हणूनच चुकीची नाणी जमवणाऱ्यांना या नाण्यांची ओढ असते. पण फसवणूकही इथेच सोपी असते. मधली चकती, म्हणजे गाभा, ठोकून काढता येतो, फिरवून परत बसवता येतो, त्यावर मुलामा चढवता येतो आणि ‘दुर्मिळ एरर’ म्हणून विकता येतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी एक सवय आधी लावून घ्यायला सांगेन. नाणं हातात आलं की चित्र, साल, किंमत यांच्या आधी दोन धातू जिथे भेटतात तो सांधा बघायचा. टांकसाळीत काय घडलं आणि बाहेर कुणी काय केलं, याचा पुरावा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

पहिली पायरी: नाणं कसं पाडतात ते समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. बाहेरच्या रिंगसाठी असलेल्या चकतीला मधोमध भोक पाडतात. आतल्या गाभ्यासाठी वेगळ्या धातूची लहान चकती कापतात, आणि बऱ्याच टांकसाळी तिच्या कडेला चहूबाजूंनी एक बारीक खाच करून ठेवतात. ठशाआधी चकत्या तापवून मऊ केलेल्या असतात. मग रिंगमध्ये गाभा ठेवला जातो आणि ही जोडी प्रेसमधल्या कॉलरमध्ये येते. कॉलर म्हणजे ठसा बसताना नाण्याला बाहेर पसरू न देणारं पोलादी कडं. वरची आणि खालची डाय, म्हणजे नक्षी उलटी कोरलेले पोलादी साचे, एकमेकींवर दाबल्या जातात आणि त्या क्षणी धातू अक्षरशः वाहतो. गाभा बाहेरच्या बाजूला पसरतो, रिंगचा धातू आत सरकून खाचेत शिरतो आणि दोघे एकमेकांत अडकून बसतात. डाग देऊन जोडणं नाही, चिकटवणं नाही, नुसत्या दाबावर बसलेली पकड असते ती. काही ठिकाणी जोडी आधी हलकी दाबून पक्की करून घेतात, पण नक्षी दोन्ही धातूंवर एकाच डायनं आणि एकाच दाबात उमटते.

आधुनिक काळात चलनासाठी हे तंत्र पहिल्यांदा वापरलं इटलीनं, १९८२ च्या ५०० लिऱ्यांच्या नाण्यात. पुढे थायलंडचे १० बाहत, कॅनडाचे २ डॉलर, ब्रिटनचे २ पौंड, १ आणि २ युरो, भारताचे १० आणि २० रुपये असं करत ते जगभर पोचलं. पकड कशी आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे कॅनडानं १९९६ मध्ये अनुभवलं. त्या वर्षी आलेल्या २ डॉलरच्या काही नाण्यांचा गाभा रिंगमधून निसटून बाहेर येत होता. अशी सुटलेली रिंग आणि ‘गाभा नसतानाच ठसा बसलेली रिंग’ या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. फरक कसा ओळखायचा ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: थोडं साहित्य, थोडे आकडे

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, एक लहान चुंबक आणि बाजूनं तिरका प्रकाश टाकता येईल असा दिवा. एवढं पुरे. मायक्रोस्कोप नंतर घेतलात तरी चालेल. सुरुवातीलाच घेतला, तर प्रत्येक ओरखडा एरर वाटू लागतो.

ज्या नाण्याच्या मागे लागायचं, त्याचं वजन, व्यास, कडेची नक्षी आणि दोन्ही धातू वहीत आधी लिहून ठेवा. १ युरो ७.५० ग्रॅमचं आणि २३.२५ मिलिमीटरचं, २ युरो ८.५० ग्रॅमचं आणि २५.७५ मिलिमीटरचं, ब्रिटनचे २ पौंड १२ ग्रॅमचे आणि २८.४ मिलिमीटरचे, भारताचं १० रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं आणि २७ मिलिमीटरचं. हे आकडे जवळ नसतील तर वजनकाट्याचा काही उपयोग नाही.

चुंबकाची परीक्षा धातू बघून करायची. युरोच्या १ आणि २ च्या नाण्यांत गाभा तीन थरांचा असतो आणि मधला थर निकेलचा असतो. त्यामुळे गाभा चुंबकाला हलकेच ओढला जातो, रिंग मात्र ओढली जात नाही. २ युरोची रिंग चुंबकाला टचकन चिकटली, तर एररच्या आधी बनावट नाण्याचा संशय घ्यावा. कॅनडाच्या सुरुवातीच्या २ डॉलरमध्ये उलटं: रिंग निकेलची म्हणून ती चिकटते, गाभा चिकटत नाही. ब्रिटनच्या २ पौंडांत दोन्ही मिश्रधातू चुंबकाला दाद देत नाहीत.

तिसरी पायरी: सांध्याची परीक्षा

नाणं दोन बोटांनी कडेला धरा, बोटं पृष्ठभागावर टेकवू नका. दिवा बाजूला ठेवा आणि सांध्याची रेष पूर्ण गोल फिरेपर्यंत भिंगातून बघत जा. तीन प्रश्न मनात ठेवा.

पहिला प्रश्न: गाभ्यावरची नक्षी आणि रिंगवरची नक्षी एकमेकींशी जुळते का? एकाच डायनं दोन्हीवर ठसा उमटतो, त्यामुळे गाभा रिंगच्या तुलनेत फिरलेला असणं टांकसाळीत घडूच शकत नाही. ठशाआधी गाभा कसाही फिरलेला असला तरी तो कोराच असतो! युरोच्या समान बाजूवर, म्हणजे सगळ्या देशांत सारख्या असलेल्या बाजूवर, गाभ्यातून सहा रेघा जातात आणि त्यांच्या टोकांना रिंगवर तारे असतात. रेघा ताऱ्यांकडे न जाता भलतीकडे बघत असतील, तर गाभा नंतर काढून परत बसवलेला आहे. दहा रुपयांच्या नाण्यावर सिंहमुद्रा आडवी आणि रिंगवरची अक्षरं सरळ असतील, तरी तोच निकाल. ‘फिरलेला गाभा’ म्हणून विकायला ठेवलेली नाणी अनेकदा दिसतात. त्यांवर पैसे घालवू नका. नाण्यावर खरोखर दोनदा ठसा बसला असेल, तर पहिल्या ठशाचे अवशेष गाभ्यावर आणि रिंगवर सारख्याच कोनात फिरलेले दिसतात.

दुसरा प्रश्न: सांधा गोल आहे का आणि मधोमध आहे का? रिंगचं भोक एका बाजूला सरकून पडलं असेल, तर रिंग एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसते. किंचित फरक तर बऱ्याच नाण्यांत असतो. साध्या डोळ्यांना पटकन जाणवेल इतका असेल तरच बाजूला काढा. कधी भोक पाडणारं यंत्र दोनदा बसतं आणि सांध्याला चंद्रकोरीसारखी मोकळी फट राहते किंवा तिथे गाभ्याचा धातू घुसतो. ही चूक सुंदर दिसते आणि खोटी करायला अवघड आहे.

तिसरा प्रश्न: एका धातूचा ओघळ दुसऱ्यावर गेला आहे का? गाभा नीट बसला नसताना दाब आला, तर त्याचा धातू रिंगवर पसरतो. पिवळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर पिवळी जीभ दिसते. पण जमिनीवर घासून किंवा हातोडीनं ठोकूनही धातू पसरवता येतो. म्हणून भिंग त्या ओघळावरच न्या. खऱ्या चुकीत ओघळलेल्या धातूवरही नक्षी उमटलेली असते. ताऱ्याचं टोक, अक्षराचा पाय, काठाजवळचा ठिपका, जे तिथे असायला हवं ते या धातूवरून धारदारपणे पुढे गेलेलं दिसतं, कारण आधी धातू पसरला आणि त्याच दाबात नक्षी बसली. नंतर घासल्यामुळे आलेल्या ओघळाखाली नक्षी दबलेली, चेपलेली असते आणि वर नुसते ओरखडे. ही एक खूण नीट बघायला शिकलात, तर बाजारातल्या कितीतरी खोट्या नाण्यांतून सुटाल.

चौथी पायरी: रिकामी रिंग, एकटा गाभा

गाभा न बसताच रिंगवर ठसा पडला, तर आतल्या बाजूला धातूला अडवणारं काही नसतं. तो मोकळेपणानं आत सरकतो. भोक नेहमीपेक्षा लहान होतं, त्याचा काठ गुळगुळीत आणि किंचित वेडावाकडा होतो, आणि भोकाजवळची नक्षी आत ओढल्यासारखी दिसते. आता ठोकून रिकामी केलेली रिंग घ्या. तिचा व्यास आणि भोक नेहमीच्याच मापाचं असतं. भोकाच्या आतल्या भिंतीवर तिरका प्रकाश टाकला, तर भिंतीच्या मध्यावर गोल फिरणारा एक बारीक उंचवटा किंवा तो तुटल्याचा खरखरीत पट्टा दिसतो. खाचेत शिरलेला धातू तो हाच. कॅनडाच्या त्या निसटलेल्या रिंगाही अशाच ओळखता येतात. त्या टांकसाळीतून जोडी म्हणून बाहेर पडल्या आणि नंतर सुटल्या.

एकट्या गाभ्याचंही तसंच. रिंग नसताना ठसा बसलेला गाभा बाहेर पसरतो. त्याचा व्यास नेहमीच्या गाभ्यापेक्षा मोठा भरतो आणि नक्षीचा बाहेरचा भाग फाकलेला असतो. नंतर काढलेला गाभा नेमक्या मापाचा निघतो आणि त्याच्या कडेवर रिंगच्या पकडीची खूण असते. कॅलिपर लावला की प्रश्न मिटतो.

पूर्ण नाणं एकाच धातूचं असणं ही या क्षेत्रातली मोठी चूक. भोक न पाडलेली चकती प्रेसमध्ये गेली की असं होतं. अशा नाण्यावर डायमधली गोल रेष असली तर तेवढी उमटते, पण भिंगाखाली धातू सलग दिसतो, चीर कुठेच नसते. मुलामा दिलेल्या नाण्यावर रंग एकसारखा असला, तरी रंगाखाली सांध्याची चीर कायम असते आणि झिजलेल्या उंच भागांतून मूळ रंग डोकावतो. इथे फक्त वजनावर भिस्त ठेवू नका. दोन्ही मिश्रधातूंची घनता बऱ्याचदा जवळजवळ सारखी असते, त्यामुळे खऱ्या चुकीतही काटा फारसा हलत नाही.

पाचवी पायरी: कड आणि दोन बाजूंचा मेळ

कडेकडे नवखे लोक बघतच नाहीत, आणि त्यामुळे तिथे अजूनही काहीबाही सापडतं. दाते अर्धेच आले, अक्षरं गायब, अक्षरं दोनदा आली, असं काही दिसतं का ते बघा. कॉलरमध्ये चकती पूर्ण न बसता ठसा पडला, तर कडेवर पायरीसारखी दुहेरी पातळी तयार होते. कॉलर आलीच नाही, तर नाणं पसरट आणि नेहमीपेक्षा रुंद होतं.

एक गैरसमज मात्र इथेच सोडून द्या. २ युरोच्या कडेवरची अक्षरं काही नाण्यांत सुलटी आणि काहींत उलटी वाचली जातात. ती चूक नाही. अक्षरं ठशाआधीच चकतीच्या कडेवर कोरली जातात आणि चकती प्रेसमध्ये कुठली बाजू वर ठेवून पडेल याला नियम नसतो.

ब्रिटनच्या २००५ च्या २ पौंडांच्या नाण्यावर, गनपावडर कटाला (संसद उडवून देण्याच्या फसलेल्या कटाला) ४०० वर्षं झाली म्हणून, कडेवर ‘रिमेंबर रिमेंबर’ अशी इंग्रजी ओळ आहे. काही नाण्यांत पहिल्या आर अक्षराचा तिरपा पाय उमटलाच नाही, म्हणून ते पी दिसतं. लोक त्याला स्पेलिंगची चूक म्हणतात, पण ते अपुरं उमटलेलं अक्षर आहे. अक्षराचा एखादा भाग नसला की आधी कमी दाब, तेल किंवा घाण यांचा विचार करावा.

दोन बाजूंचा मेळ बघायला नाणं वर आणि खाली अशा दोन बिंदूंवर धरा, एक बाजू सरळ उभी ठेवा आणि नाणं उभ्या अक्षावर फिरवा. युरो, रुपया, पौंड या नाण्यांत दुसरी बाजूही सरळच यायला हवी. ती तिरकी आली, तर प्रेसमध्ये डाय फिरली होती. ब्रिटनच्या २०१५ च्या, ब्रिटानियाचं (ब्रिटनच्या स्त्रीरूपातल्या प्रतीकाचं) चित्र असलेल्या २ पौंडांत अशी काही नाणी सापडली, त्यांत राणीचं डोकं जवळजवळ उलटं झालेलं आहे. पाच-दहा अंशांचा तिरकेपणा मी नोंदतही नाही. नाणी पाडताना तेवढं चालतंच. लक्षात घ्या, इथे एक पूर्ण बाजू, म्हणजे गाभा आणि रिंग दोन्ही मिळून, दुसऱ्या बाजूच्या तुलनेत फिरलेली असते. एकाच बाजूवर गाभा आणि रिंग यांचं जुळत नसेल, तर तो तिसऱ्या पायरीतला प्रकार.

सहावी पायरी: नक्षीवरच्या खुणा

इथे एक नियम कामाचा आहे. डायला तडा गेला किंवा तिचा कपचा उडाला, तर त्या पोकळीत धातू शिरतो आणि नाण्यावर उठाव येतो. म्हणून डाय क्रॅकची रेष नाण्यावर उंच असते. सांध्यावरून ती रिंगवर न तुटता गेली असेल तर खातरी पक्की. उलट नाणं पडल्यावर बसलेला मार बहुधा खड्डा करतो आणि खड्ड्याच्या कडेला सारलेला धातू दिसतो.

दुहेरी अक्षरं दिसली की जीव हरखतो, तेव्हा थोडं थांबा. दाब बसल्यावर डाय जरा सरकली, तर अक्षराच्या कडेला एक सपाट, खालच्या पातळीवरची पायरी तयार होते. हे यांत्रिक दुहेरीपण सगळीकडे आढळतं, त्याला किंमत नाही. डाय तयार होतानाच दुहेरी झाली असेल, तर दोन्ही अक्षरं गोलसर आणि उठावदार असतात आणि कोपऱ्यांत स्पष्ट खाच दिसते.

आरशातल्यासारखी उलटी आणि खोलगट नक्षी कधी दिसते. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि त्याच्यावर पुढची चकती आली की असं होतं. पण दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबूनही उलटा ठसा उमटवता येतो. तेव्हा मागच्या बाजूची नक्षी चेपलेली आहे का बघा. चेपलेली असेल तर नाणं खाली ठेवा. दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेली नाणी तर जवळजवळ नेहमी लेथवर कोरून जोडलेली असतात, जादूच्या प्रयोगांसाठी.

जे चूक नाही ते आधी वगळा

नव्या माणसाचा सर्वाधिक वेळ आणि पैसा इथे जातो. २००२ च्या ग्रीसच्या काही १ आणि २ युरोंवर ताऱ्यात इंग्रजी एस अक्षर आहे. ती नाणी फिनलंडमध्ये पाडली गेली, त्याची ती खूण आहे, एरर नाही. ब्रिटनच्या १९९७ च्या २ पौंडांवर राणीच्या गळ्यात माळ दिसते, ती दुर्मिळ, अशी हूल अनेक वर्षं चालली. गळ्यातली ती माळ राणीच्या त्या जुन्या चित्रातलीच, आणि अशी नाणी लाखोंनी निघाली आहेत. भारतात दहा रुपयांच्या नाण्याची वेगवेगळी रूपं बघून लोक ती खोटी समजू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी सांगावं लागलं की तोवर निघालेली चौदाही रूपं वैध आहेत. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं नाणं ही दोन रूपं आहेत, त्यातलं कुठलंही चुकलेलं नाही.

युरोच्या समान बाजूवरचा नकाशा २००७ पासून बदलला. म्हणून जुना आणि नवा नकाशा ही स्वतःहून चूक ठरत नाही. पण जर्मनीच्या २००८ च्या, हॅम्बर्गचं चित्र असलेल्या २ युरोंपैकी काहींवर नवा नकाशा असायला हवा तिथे जुना आला, आणि ती डायची खरोखर चुकलेली जोडी ठरली. आपल्या नाण्याचं कुठल्या वर्षी कुठलं रूप होतं, याचा अभ्यास असला तरच असा शोध लागतो.

जपणूक आणि नोंद

नाणं धुऊ नका, पॉलिश तर नकोच. दोन वेगळे धातू चिकटून असतात, त्यामुळे सांध्यात ओल राहिली की गंज तिथूनच सुरू होतो. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात किंवा कॅप्सूलमध्ये ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. शहानिशा करायला म्हणून गाभा ठोकून बघण्याचा मोह झाला तर आवरा. खरी चूक कायमची जाते, शिवाय चलनातलं नाणं मोडणं काही देशांत गुन्हा आहे.

प्रत्येक नाण्याच्या नोंदीत साल, टांकसाळीची खूण, वजन, व्यास, कुठून मिळालं ते, आणि चूक घड्याळाच्या कुठल्या आकड्याच्या दिशेला आहे ते लिहा. ‘रिंगवर ७ च्या जागी ओघळ, १.५ मिमी’ असं लिहिलं तर दुसऱ्या संग्राहकाला नाणं न बघताही कळतं. फोटो निदान चार काढा: दोन बाजू, कड, आणि चुकीच्या जागेचा तिरक्या प्रकाशातला जवळून घेतलेला. विकत घेतानाही समोरच्याकडून हेच चार फोटो आणि वजन मागा. सांध्याचा जवळून घेतलेला फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.